आधी दप्तर, मग सॉफ्टवेअर

परदेशात चार मराठी माणसं जमली की मंडळ निघतं आणि आठ जमली की दोन निघतात, हा विनोद आता इतका जुना झाला आहे की त्यावर कुणी हसतही नाही. अलीकडे त्यात एक भर पडली आहे. नवं मंडळ किंवा एखादी सेवाभावी संस्था काढायचं नुसतं ठरायचा अवकाश! घटना लिहून झालेली नसते, खजिनदार सापडलेला नसतो, बँकेत खातं नसतं, पण पहिल्याच बैठकीत तासभर चर्चा होते ती सॉफ्टवेअरची. एक जण म्हणतो, गूगल घ्या, फुकट आहे. दुसरा म्हणतो, मायक्रोसॉफ्ट घ्या, तेही फुकट आहे. तिसरा सांगतो की सेल्सफोर्स सेवाभावी संस्थांना दहा लायसन्स फुकट देतं. चौथा इतका वेळ गप्प असतो. तो शेवटी म्हणतो, "कशाला कुणाच्या दारात जायचं? दोन वीकेंड द्या, मी अ‍ॅप लिहून देतो." टाळ्या पडतात, चहा येतो, आणि सभासदांची यादी कोण ठेवणार हा प्रश्न पुढच्या बैठकीवर ढकलला जातो.

यात नवल काही नाही. आपला भागच तसा आहे. सन २००० च्या 'वाय-टू-के'च्या निमित्ताने भारतीय अभियंते निशि-कासाईत येऊ लागले आणि पुढे तोझाई लाइन ओलांडून शिंजुकू लाइनवर, आपल्या फुनाबोरीतही, पसरले. आज तोक्योच्या २३ वॉर्डांपैकी सर्वांत जास्त भारतीय एदोगावा वॉर्डात राहतात. इथल्या लिफ्टमध्ये डोळे मिटून हात पुढे केला तर तो एखाद्या सोल्युशन आर्किटेक्टलाच लागेल. सुतारांच्या गावात देव बसवायचा म्हटलं की मूर्तीपेक्षा देव्हाऱ्याचीच चर्चा जास्त व्हायची.

माझाही धंदा तोच. कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं आणि कुठलं घेऊ नये, हे लोकांना सांगून मी पोट भरतो. त्यामुळे मी सॉफ्टवेअरच्या विरुद्ध आहे असं कुणी समजू नये. पण नव्या संस्थेसाठी साधनं निवडायची आपली पद्धत उलटी आहे आणि ती आपल्याला महागात पडते आहे, हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. स्मरणिकेत दरवर्षी आपण एकमेकांचं कौतुक करतो. या वर्षी चार पानं भांडणासाठी द्यावीत, अशी संपादकांना विनंती केली आणि त्यांनी ती मान्य केली, याबद्दल त्यांचे आभार.

फुकटचं किती दिवस पौष्टिक?

पहिलं भांडण 'फुकट' या शब्दाशी. फुकटचं ते पौष्टिक, असं आपण थट्टेने म्हणतो, पण साधनं निवडताना हीच थट्टा आपलं धोरण होऊन बसते. जरा मागे वळून पाहू.

सन २००० नंतरच्या दशकात परदेशातल्या कितीतरी मंडळांचा सारा पत्रव्यवहार याहू ग्रुप्सवर चालायचा. कार्यक्रमाच्या सूचना, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी, नाटकाच्या तालमीच्या वेळा, भांडणं आणि दिलजमाई, सगळं तिथेच. डिसेंबर २०१९ मध्ये याहूने ग्रुप्सवरचा जुना साठा पुसायला घेतला आणि १५ डिसेंबर २०२० ला सेवाच बंद केली. ज्यांनी वेळेत उतरवून घेतलं त्यांचं वाचलं, बाकीच्यांची दहा-पंधरा वर्षं गेली. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. इथल्या याहू जपानचं जिओसिटीज ३१ मार्च २०१९ ला मिटलं. त्यावर उभ्या असलेल्या असंख्य छोट्या संस्थांच्या पानांसाठी तो शेवटचा दिवस ठरला. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला थांबली. स्लॅकच्या फुकट योजनेत १ सप्टेंबर २०२२ पासून फक्त मागचे ९० दिवस दिसू लागले, आणि ऑगस्ट २०२४ पासून एक वर्षापेक्षा जुना मजकूर पुसला जाऊ लागला. मायक्रोसॉफ्ट सेवाभावी संस्थांना दहा जणांपुरतं बिझनेस प्रीमियम फुकट देत असे. १ जुलै २०२५ नंतर ज्या संस्थेचं नूतनीकरण आलं, तिचं ते दान संपलं. फुकट उरलं ते साधं बिझनेस बेसिक.

यात कुणी कुणाला फसवलं असं मी म्हणत नाही. दुकान त्यांचं, माल त्यांचा, दान द्यायचं की थांबवायचं हेही त्यांनीच ठरवायचं. माझा राग आपल्यावर आहे. घरात कामाला बाई ठेवताना आपण दहा प्रश्न विचारतो, पण संस्थेचं सगळं दप्तर ज्याच्या हवाली करायचं त्याला "उद्या तू नाही म्हणालास तर आमचं सामान कसं परत देशील?" हा एक प्रश्न विचारत नाही. किंमत शून्य दिसली की आपण विचार करायचंच सोडतो.

आणखी एक गंमत. या सवलती मिळायला बहुतेक ठिकाणी आधी नोंदणी लागते. जपानमध्ये २००९ पासून टेकसूप जपानमार्फत नामवंत कंपन्यांची सॉफ्टवेअर सेवाभावी संस्थांना नाममात्र शुल्कात मिळतात. ती मिळतात नोंदलेल्या संस्थेला. आपल्यासारख्या 'निन्इ दान्ताइ'ला, म्हणजे चार लोकांनी आपसांत ठरवून चालवलेल्या मंडळाला, नाही. म्हणजे ज्या फुकटच्या मालावर आपण बैठकीत तासभर वाद घालतो, तो अजून आपल्याला मिळणारही नसतो. बाजारात तुरी!

खातं कुणाच्या नावाचं?

दुसरं भांडण जास्त गंभीर आहे. आपल्या बहुतेक संस्थांचं दप्तर संस्थेच्या मालकीचं नसतंच. ते कुणा एका उत्साही सभासदाच्या खासगी जीमेलमध्ये असतं.

आपली वस्ती फिरती आहे. प्रोजेक्ट संपला की माणूस पुण्याला परततो, बढती मिळाली की सिंगापूरला जातो, मुलं पाचवीत गेली की घरचे म्हणतात आता भारतात शाळा. इथे दहा वर्षं टिकून राहणारे थोडे. त्यामुळे कार्यकारिणी दर दोन वर्षांनी जवळजवळ नवी असते, आणि जुनी माणसं जाताना किल्ल्या खिशात घेऊन जातात. मुद्दाम नव्हे, विसरून.

मागे एका मंडळाने मदतीला बोलावलं होतं. नाव-गाव सांगत नाही, कारण ही गोष्ट कुठल्याही मंडळाची असू शकते. गणपतीच्या महाप्रसादाची नोंदणी ज्या ऑनलाइन फॉर्मवर व्हायची, तो माजी खजिनदारांनी स्वतःच्या खात्यातून बनवला होता. तीन वर्षांच्या नोंदी, फोन नंबर, कोण किती वर्गणी देऊन गेलं ते, सगळं त्या फॉर्मच्या मागच्या तक्त्यात. खजिनदार भारतात परतले. पासवर्ड एका वहीत लिहिलेला होता, तो चाललाही. पण मग फोनवर सहा आकडी क्रमांक मागितला गेला, आणि तो फोन वाजला हिंजवडीत. खजिनदार सज्जन, त्यांनी क्रमांक कळवला, काम झालं. ते सज्जन नसते, किंवा मंडळाशी भांडून गेले असते तर? किंवा नुसता फोन नंबर बदलला असता तर?

त्यात आता आणखी एक घोर. गूगलने डिसेंबर २०२३ पासून दोन वर्षं न वापरलेली खासगी खाती काढून टाकायला सुरुवात केली आहे. 'मंडळासाठी म्हणून' उघडलेलं आणि पुढच्या कार्यकारिणीने विसरलेलं खातं नेमकं याच वर्गात बसतं.

भांडणाचा मुद्दा निघालाच आहे तर तोही बोलून टाकू. मराठी मंडळात फूट पडते, हे काही गुपित नाही. फूट पडली की ज्याच्या हातात यादी त्याच्या हातात मंडळ. व्हॉट्सअ‍ॅप गटाचा अ‍ॅडमिन रातोरात निम्म्या लोकांना बाहेर काढतो, आणि ज्यांना काढलं त्यांना सभेची नोटीसही मिळत नाही. लोकशाही घटनेत लिहिलेली असते, पण चालते अ‍ॅडमिनच्या अंगठ्यावर. साधनं निवडणं म्हणजे सत्ता कुणाकडे राहणार ते निवडणं, आणि ही निवड आपण 'जो आधी गट उघडेल तो' या तत्त्वावर करतो.

अ‍ॅप लिहिणाऱ्या दादांना हात जोडून

आता आपल्या चौथ्या दादांकडे वळू. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्यांच्या कौशल्याबद्दल तर मुळीच नाही. जपानी बँकांच्या यंत्रणा सांभाळणारी ही मंडळी, त्यांना महाप्रसादाच्या नोंदणीचं अ‍ॅप म्हणजे किस झाड की पत्ती.

पण दादा, अ‍ॅप लिहायला दोन वीकेंड लागतात, सांभाळायला दहा वर्षं. फोनच्या नव्या आवृत्त्या येतात, सर्व्हरचं भाडं कुणाच्या तरी क्रेडिट कार्डावर असतं, सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळेवर कराव्या लागतात. तुम्ही पुढच्या मार्चमध्ये बंगळुरूला गेलात की तुमचा कोड वाचणार कोण? ऑफिसात कागदपत्रांशिवाय एक ओळ पुढे जाऊ न देणारे आपण, मंडळात मात्र "सगळं माझ्या डोक्यात आहे" असं अभिमानाने सांगतो.

हाच प्रश्न मुक्त स्रोताच्या आग्रही मित्रांनाही आहे. मुक्त स्रोताचा मी चाहता आहे. लिब्रेऑफिस, ग्नूकॅश ही घरच्या संगणकावर चालणारी उत्तम साधनं आहेत. सेवाभावी संस्थांसाठीच बनलेलं सिव्हिसीआरएम २००५ पासून जगभर चालतं. पण सर्व्हरवर स्वतः बसवायचं आणि मग दोन वर्षं त्याच्याकडे बघायचं नाही, हा प्रकार म्हणजे दाराला कुलूप न लावता गावाला जाण्यासारखा आहे. मुक्त स्रोत म्हणजे फुकट नव्हे. तिथे पैशांऐवजी माणसाचा वेळ द्यावा लागतो, आणि फुनाबोरीत सर्वांत दुर्मीळ वस्तू कुठली असेल तर ती वेळच.

माझी कसोटी साधी आहे. मंडळात सर्वांत जास्त काम करणारी व्यक्ती बहुधा आयटीतली नसते. फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या, मराठी शाळेच्या मुलांची हजेरी ठेवणाऱ्या, हॉलचं बुकिंग करणाऱ्या एखाद्या वहिनी किंवा काकू असतात. त्यांना जे साधन कुणालाही फोन न करता वापरता येईल, ते चांगलं. ज्यासाठी त्यांना दर रविवारी "जरा येऊन जाता का हो" असं म्हणावं लागतं, ते कितीही आधुनिक असलं तरी वाईट.

कायदा अ‍ॅप विचारत नाही, दप्तर विचारतो

जपानमध्ये संस्था नोंदवायची म्हणजे काय, हे जरा पाहू. १७ जानेवारी १९९५ च्या कोबे भूकंपात लाखो स्वयंसेवक धावून गेले, पण त्यांच्या संस्थांना कायद्याने अस्तित्वच नव्हतं. संस्थेच्या नावाने बँकेत खातं नाही की भाड्याने जागा नाही. त्या अनुभवातून 'एनपीओ होजिन'चा कायदा मार्च १९९८ मध्ये मंजूर झाला आणि १ डिसेंबर १९९८ पासून लागू झाला. आज अशा सुमारे ५० हजार संस्था आहेत.

या कायद्याच्या अटी वाचल्या तर त्यात सॉफ्टवेअरचं नाव नाही. दहा किंवा अधिक सभासदांची नावं-पत्त्यांसह यादी हवी. किमान तीन संचालक आणि एक हिशेब तपासनीस हवा. दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांच्या आत कामाचा अहवाल, जमाखर्च, ताळेबंद आणि यादी तोक्यो सरकारकडे द्यायची. हे कागद कुणीही पाहू शकतो. तीन वर्षं दिले नाहीत तर मान्यता रद्द होऊ शकते. ज्यांना हे जड वाटतं त्यांच्यासाठी १ डिसेंबर २००८ पासून 'इप्पान शादान होजिन'ची वाट आहे. तिथे दोघांनीही सुरुवात करता येते. पण दप्तरातून सुटका तिथेही नाही.

दुसरा कायदा तर आजच, नोंदणी नसतानाही, आपल्याला लागू आहे आणि आपल्यापैकी अनेकांना त्याचा पत्ताच नाही. खासगी माहितीच्या संरक्षणाच्या जपानी कायद्यात पूर्वी ५,००० माणसांपर्यंतच्या याद्या बाळगणाऱ्यांना सूट होती. ३० मे २०१७ ला ती सूट गेली. तेव्हापासून गल्लीतली 'चोनाइकाई' असो, पालक संघ असो की आपलं मंडळ, यादी कशासाठी घेतली ते सांगणं, ती सांभाळून ठेवणं आणि संमतीशिवाय तिसऱ्याच्या हातात न देणं बंधनकारक आहे. आणि आपण काय करतो? मुलांच्या वयासकट सगळ्या कुटुंबांचा तक्ता 'लिंक असेल त्याला उघडेल' अशा रीतीने गटावर टाकतो, आणि पुढच्या आठवड्यात एखादा विमा एजंट नावानिशी फोन करतो तेव्हा आश्चर्य करतो.

देशपांड्यांचे 'देशियुपान्दे'

साधनांच्या चर्चेत ज्या गोष्टीवर कधीच बोललं जात नाही, ती म्हणजे लिपी. आपल्या प्रत्येक सभासदाचं नाव इथे तीन लिप्यांत राहतं. पत्रिकेत देवनागरी, झाइर्यू कार्डावर रोमन, बँकेत काताकाना. वर्गणी बँकेतून आली की पासबुकात नाव उमटतं ते काताकानात, त्यातही लहान अक्षरं मोठी होऊन. त्यामुळे देशपांडे तिथे 'देशियुपान्दे' होतात. खजिनदार नवे असतील तर हे कोण महाशय, याचा शोध घेण्यात एक संध्याकाळ जाते. सभासद यादीत काताकानाचा एक रकाना ठेवला की ती संध्याकाळ वाचते. कुठलंही महागडं सॉफ्टवेअर हा रकाना आपणहून ठेवत नाही. तो आपल्यालाच सुचावा लागतो.

देवनागरीचा प्रश्न याहून जुना. देवनागरी नावांची यादी सीएसव्ही करून जपानी विंडोजवरच्या एक्सेलमध्ये सरळ उघडली की पडद्यावर जे कडबोळं दिसतं त्याला जपानी माणूस 'मोजिबाके' म्हणतो, म्हणजे अक्षरांना लागलेलं भूत. त्या कडबोळ्यावर सेव्ह दाबलं की नावं गेली. म्हणून कुठलंही साधन घेण्याआधी त्यात 'ज्ञानेश्वर', 'कऱ्हाडकर' आणि 'हृषीकेश' ही तीन नावं भरून, बाहेर काढून, पुन्हा आत घालून पाहा. तिन्ही जशीच्या तशी परत आली तर पुढे बोला.

आणि जुन्या स्मरणिका? परदेशातल्या मंडळांचे जुने अंक पेजमेकरमध्ये, शिवाजी किंवा श्रीलिपीसारख्या फाँटांत जुळवलेले असायचे. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. त्या फायली आज उघडल्या तरी अक्षरांच्या जागी रोमन खुणांची रांगोळी दिसते, कारण ते फाँट युनिकोडच्या आधीच्या जगातले. मजकूर शोधता येत नाही, नव्या फोनवर वाचता येत नाही. मोडी वाचणारा जसा आज शोधावा लागतो, तसा उद्या हे फाँट उलगडणारा शोधावा लागेल. मोडीला ती अवस्था यायला पिढ्या लागल्या. आपण वीस वर्षांत आणली.

पाणी आलं तर

"अहो, आपण गणपती आणि दिवाळी करतो, एवढा बाऊ कशाला?" असं कुणी म्हणेल. बाऊ का, ते सांगतो.

आपण राहतो त्या एदोगावा वॉर्डाची सुमारे सत्तर टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. मे २०१९ मध्ये वॉर्डाने घरोघरी जो पुराचा नकाशा वाटला त्याच्या मुखपृष्ठावर आपल्याच वॉर्डावर बोट ठेवून लिहिलं होतं, 'इथे थांबू नका'. सरकारी कागदावर इतकं रोखठोक वाक्य मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. मोठा पूर आला तर बाहेरच्या जिल्ह्यांत जा, कारण पाणी एक-दोन आठवडे ओसरणार नाही, असा त्याचा अर्थ. पाच महिन्यांत, १२ ऑक्टोबर २०१९ ला, हागिबिस वादळ आलं. वॉर्डाच्या पश्चिम भागातल्या, म्हणजे फुनाबोरीच्या बाजूच्या, सुमारे ४ लाख ३० हजार लोकांना घर सोडण्याची सूचना निघाली. सुमारे ३५ हजार लोक आसऱ्याच्या ठिकाणी गेले.

अशा रात्री सूचना येतात जपानीत. आपल्यात नुकती आलेली नवपरिणीत मुलगी असते, तिचा नवरा ओसाकाला कामावर असतो. नातवंडांना बघायला तीन महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा असतात, त्यांना जपानीही येत नाही आणि इंग्रजीही बेताचं. कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, कोण एकटं आहे, हे त्या क्षणी मंडळाला माहीत हवं. व्हॉट्सअ‍ॅप गटात ते कळत नाही. तिथे 'राज' नावाचे चार जण असतात आणि त्यांतले दोघे तीन वर्षांपूर्वी देश सोडून गेलेले असतात. ११ मार्च २०११ ला फोन लागेनासे झाले होते, हे त्या दिवशी इथे असलेल्या कुणालाही विचारा. त्या रात्री कामाला येईल ती गेल्या महिन्यात दुरुस्त केलेली आणि कागदावर छापलेली यादी.

मंडळ म्हणजे फक्त करमणूक असेल तर कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, मला घेणं नाही. पण मंडळ म्हणजे अडचणीच्या वेळी दार वाजवणारा माणूस, असं आपण नव्या कुटुंबांना सांगत असू, तर दार कुठे आहे हे लिहून ठेवायला हवं.

मग घ्यायचं तरी काय?

आपल्या पूर्वजांनी राज्यकारभारात चिटणीस, फडणीस, पोतनीस, सबनीस असे वेगवेगळे लोक नेमले. पत्रव्यवहार, हिशेब, तिजोरी आणि हजेरी-नोंदी ही चार कामं वेगळी आहेत आणि एका माणसाच्या खिशात राहू नयेत, हे शहाणपण त्यामागे होतं. १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा निघाली तेव्हा सभासद होणाऱ्याने किमान पन्नास लोकांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं असा नियम होता. आपण कुणाच्या वतीने बोलतो हे आधी कागदावर हवं, ही त्यामागची भूमिका. पुढे राजवाड्यांनी गावोगाव हिंडून माळ्यांवरची जुनी दप्तरं जमवली, म्हणून आपल्याला आपला इतिहास कळला. दप्तराचं मोल सांगायला आपल्याला सिलिकॉन व्हॅलीची गरज नाही.

तेव्हा नव्या संस्थेसाठी माझा क्रम असा. सर्वांत आधी संस्थेच्या नावाचं डोमेन घ्या. वर्षाला काही हजार येनांचा प्रश्न आहे. पुढे नोंदणी झाली तर एनपीओला 'ओआर डॉट जेपी' मिळतं, एका संस्थेला एक. मग त्या डोमेनवर पदांच्या नावाने खाती उघडा: चिटणीस, खजिनदार, शाळा. माणूस बदलेल, खातं राहील. प्रत्येक खात्याच्या किल्ल्या दोघांकडे, त्यांतला एक इथे कायमचा राहणारा. यादीसाठी दोनशे कुटुंबांपर्यंत साधा तक्ता पुरतो, त्याला लाजू नका. गरज वाढली तर सायबोझूच्या किंतोनसारखं इथलं साधन आहे, त्याची ना-नफा गटांसाठी वेगळी स्वस्त योजना आहे. हिशेब जपानी कर-सल्लागाराला दाखवायचा असेल तर यायोई किंवा फ्री यांपैकी जे त्याला चालतं ते घ्या, कारण तिथे आपल्या आवडीपेक्षा त्याची सवय महत्त्वाची. गप्पांना व्हॉट्सअ‍ॅप आणि लाइन ठेवाच, फक्त सभेचा निर्णय तिथे झाला असं मानू नका. लेखन सगळं युनिकोडमध्ये. आणि कुठलंही साधन घेण्याआधी एक रविवार काढून त्यातलं सगळं बाहेर काढून पाहा. जे बाहेर येत नाही ते आत घालू नका.

"एवढं करायला वेळ कुणाला आहे?" हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच थोडे पैसे खर्चा असं म्हणतो. शंभर कुटुंबांनी वर्षाला ३०० येन दिले तर ३०,००० येन होतात. त्यात डोमेन, पदांची मोजकी खाती आणि छापील यादी बसते. मेट्रोच्या एका फेरीला आपण साधारण तेवढेच मोजतो. "आपण मंडळ आहोत, कंपनी नव्हे," हा दुसरा आक्षेप. बरोबर आहे. कंपनीत चूक झाली तर पगारी माणसं निस्तरतात. मंडळात चूक निस्तरायला पुढच्या वर्षीचे स्वयंसेवक लागतात, आणि एकदा पोळलेला स्वयंसेवक पुन्हा येत नाही. म्हणून व्यवस्था कंपनीपेक्षा सोपी हवी, पण ती हवीच.

येत्या वार्षिक सभेत मी तीन ठराव मांडणार आहे. एक, सभासद यादी, हिशेब, इतिवृत्त आणि पत्रव्यवहार ही चारही दप्तरं तीन महिन्यांत खासगी खात्यांतून संस्थेच्या खात्यांत आणावीत. दोन, वर्षातून दोनदा, मार्चअखेर आणि १ सप्टेंबरला, म्हणजे जपानच्या आपत्ती-निवारण दिनी, सगळं दप्तर उतरवून घ्यावं आणि यादीच्या दोन छापील प्रती दोन वेगवेगळ्या घरी, वरच्या मजल्यावर ठेवाव्यात. तीन, साधनांसाठी प्रत्येक कुटुंबाकडून वर्षाला ३०० येन वेगळे घ्यावेत आणि त्यांचा हिशेब वेगळा दाखवावा.

विरोध करणाऱ्यांनी जरूर यावं, वाद घालू. अ‍ॅप लिहिणाऱ्या दादांनी तर यावंच, कारण जुन्या स्मरणिका युनिकोडमध्ये आणायचं काम त्यांच्याचसाठी राखून ठेवलं आहे. ठरावांना अनुमोदक हवे आहेत. तूर्त एक वहिनी तयार झाल्या आहेत, मराठी शाळेची हजेरी ठेवणाऱ्या.